मुलाच्या मानधनाचा निर्णय वडिलांकडे नको

माननीय संपादक यांस,

स.न.वि.वि.

अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉल आणि अमेरिकन फुटबॉलमध्ये मुख्य प्रशिक्षकाने स्वतःच्या मुलाला आपल्याच संघात घेण्याची रीत इतकी जुनी आणि इतकी अंगवळणी पडलेली आहे, की तिच्याकडे वशिलेबाजी म्हणून पाहावे असे तिथे फारसे कुणाच्या मनातही येत नाही. प्रेक्षक क्वचित कुरकुरतात, मुलगा चुकला की ‘डॅडी बॉल’, म्हणजे बापाच्या जिवावरचा खेळ, म्हणून टोमणा मारतात आणि पुढच्या विजयानंतर विसरून जातात. गेली बरीच वर्षे हे सामने पाहत आल्यामुळे मलाही ही गोष्ट फारशी खटकत नसे. परंतु जुलै २०२५ पासून तेथील विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली आहेत आणि संघातील जागांवरही कडक मर्यादा आली आहे. या दोन बदलांनंतर तीच रीत तशीच चालू ठेवणे मला अन्याय्य वाटते आणि त्याची कारणे आपल्या वाचकांसमोर मांडावीत म्हणून हे पत्र.

ही रीत मुळातच वाईट आहे, असे माझे म्हणणे नाही. पुरुषांच्या पहिल्या श्रेणीच्या महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये सर्वाधिक गुण करणारे दोन्ही खेळाडू आपापल्या वडिलांच्या हाताखाली खेळले. पीट मॅराविच याने लुइझियाना स्टेट विद्यापीठाकडून, वडील प्रेस मॅराविच प्रशिक्षक असताना, १९६७ ते १९७० या तीन मोसमांत ३,६६७ गुण केले. त्या काळी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मुख्य संघात खेळता येत नसे आणि जिच्याबाहेरून मारलेल्या फटक्याला तीन गुण मिळतात ती रेषाही नव्हती, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे मोठेपण कळते. त्याच्या पाठोपाठ आहे अँटोइन डेव्हिस. वडील माइक डेव्हिस यांच्या डेट्रॉइट मर्सी संघाकडून पाच मोसम खेळून मार्च २०२३ मध्ये तो ३,६६४ गुणांवर थांबला. त्रेपन्न वर्षे टिकलेला विक्रम गाठायला त्याला अवघे तीन गुण कमी पडले. टेनेसीला वेड ह्यूस्टन यांच्या संघात त्यांचा मुलगा ॲलन याने २,८०१ गुण केले, तर विस्कॉन्सिन-ग्रीन बे विद्यापीठात डिक बेनेट यांच्या हाताखाली खेळताना टोनी बेनेट याचे तीन गुणांचे जवळजवळ निम्मे फटके बास्केटमध्ये पडत. एवढी मोठी यादी केवळ वशिल्याने तयार होत नाही.

मार्च १९९८ मधल्या राष्ट्रीय स्पर्धेतला व्हॅल्परायझो आणि मिसिसिपी या विद्यापीठांमधला सामना ज्यांनी पाहिला असेल, त्यांना तर हे वेगळे सांगायला नको. मानांकनात तेराव्या क्रमांकावर असलेला व्हॅल्परायझोचा संघ दोन गुणांनी मागे होता, घड्याळात अडीच सेकंद उरले होते आणि चेंडू स्वतःच्या टोकाकडून आत टाकायचा होता. प्रशिक्षक होमर ड्रू यांच्या संघाने सरावात अनेकदा घोटलेली एक चाल नेमकी तेव्हा वापरली. जेमी साइक्सने जवळजवळ पूर्ण मैदानभर लांब चेंडू फेकला, बिल जेनकिन्सने उंच उडी मारून तो झेलता झेलता बाजूला वळवला आणि धावत आलेल्या ब्राइस ड्रूने रेषेबाहेरून फटका मारून सामना ७०–६९ असा जिंकून दिला. ब्राइस हा होमर यांचाच मुलगा. शेवटचा फटका मुलानेच घ्यावा असे वडिलांनी का ठरवले, हा प्रश्न त्या दिवशी कुणालाही पडला नाही, कारण त्या संघात त्याच्यापेक्षा चांगला नेमबाज नव्हताच.

प्रशिक्षकांची मुले चांगली निघतात यात नवल नाही. चालायला लागल्यापासून त्यांचे बालपण व्यायामशाळेत आणि सरावाच्या मैदानावर जाते, प्रतिस्पर्ध्यांच्या सामन्यांच्या चित्रफिती घरच्या दिवाणखान्यात पाहिल्या जातात, जेवणाच्या टेबलावर बचावाच्या रचनेची चर्चा चालते. शिवाय महाविद्यालयीन प्रशिक्षकाचे आयुष्य वर्षातले कित्येक महिने प्रवासात आणि दुसऱ्यांच्या मुलांच्या घरी त्यांची मनधरणी करण्यात जाते. स्वतःचा मुलगा डोळ्यांसमोर वाढलेला त्यांना फारसा दिसत नाही. त्याच्या अखेरच्या चार विद्यार्थी-वर्षांत तरी त्याच्याबरोबर राहावे, असे एखाद्या बापाला वाटले तर त्यात गैर काय आहे, हा प्रश्न मी स्वतःलाही विचारला आहे आणि त्याचे उत्तर ‘काहीच नाही’ असेच येते.

परंतु या यशोगाथा पुन्हा पुन्हा सांगितल्या जातात, तेव्हा त्यांतली एक गोष्ट नजरेआड होते. पीट मॅराविच एका सामन्यात सरासरी ३८ फटके मारत असे. एवढी मोकळीक दुसऱ्या कोणत्या प्रशिक्षकाने एकाच खेळाडूला दिली असती का, हे सांगता येत नाही. त्या तीन मोसमांपैकी पहिल्यात लुइझियाना स्टेटने १४ सामने जिंकून १२ गमावले, दुसऱ्यात १३ जिंकून १३ गमावले आणि तिसऱ्यातच संघ खऱ्या अर्थाने वर आला. डेव्हिसच्या शेवटच्या मोसमात डेट्रॉइट मर्सीचा संघ १४ विजय आणि १९ पराभवांवर संपला. सिराक्यूजचे जिम बोहाइम यांनी २०२१–२२ मध्ये बडी आणि जिमी ही दोन्ही मुले संघात खेळवली. बडी त्या वर्षी आपल्या परिषदेतला, म्हणजे एकमेकांशी नियमित खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटातला, सर्वाधिक सरासरीने गुण करणारा खेळाडू ठरला, पण बोहाइम यांच्या साडेचार दशकांहून अधिक लांबीच्या कारकिर्दीत विजयांपेक्षा पराभव जास्त होण्याची पहिली वेळ त्याच मोसमात आली. मुलांमुळे संघ हरला असा याचा अर्थ नाही, तसे म्हणणे त्या मुलांवर अन्याय करणारे होईल. मुलाचे यश आणि संघाचे यश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्हींचा हिशेब एकच माणूस ठेवत असेल तर त्याची नजर कोणत्या रकान्यावर आधी जाते हे बाहेरच्यांना कळायला मार्ग नसतो, एवढेच मला म्हणायचे आहे.

बापाची नजर नेहमी मुलाच्या बाजूनेच चुकते असेही नाही. ग्रेग मॅकडर्मट आयोवा स्टेटचे प्रशिक्षक होते तेव्हा त्यांचा मुलगा डग याने वडिलांच्या संघात न जाता नॉर्दर्न आयोवा विद्यापीठाशी करार केला होता. २०१० मध्ये ग्रेग क्रेटन विद्यापीठात गेले, डगला त्या करारातून मोकळे करण्यात आले आणि तो वडिलांकडे आला. पुढे त्याने ३,१५० गुण केले आणि २०१४ मध्ये तो देशातला सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडू ठरला. त्याच्याबद्दलची जी गोष्ट मला सर्वात महत्त्वाची वाटते ती मात्र गुणांची नाही. शेवटच्या मोसमाआधी त्याच्या संघातील ग्रँट गिब्स या खेळाडूला दुखापतींमुळे सहावे वर्ष खेळण्याची परवानगी मिळाली, पण नियमाने ठरलेल्या १३ शिष्यवृत्त्या तोवर संपल्या होत्या. तेव्हा डगने स्वतःची शिष्यवृत्ती सोडली, घरच्या पैशांनी फी भरली आणि देशातला सर्वात नावाजलेला खेळाडू ते वर्ष ‘वॉक-ऑन’, म्हणजे शिष्यवृत्तीविना खेळणारा विद्यार्थी, म्हणून खेळला.

हे त्याला करता आले, कारण तेव्हाच्या व्यवस्थेत संघात जागा असणे आणि संघाकडून पैसे मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. शिष्यवृत्त्यांवर मर्यादा होती, बास्केटबॉलला १३ आणि मोठ्या फुटबॉल संघांना ८५. त्यापलीकडे वॉक-ऑन म्हणून कितीही मुले घेता येत. त्यामुळे प्रशिक्षकाचा मुलगा फारसा चांगला नसला तरी तो बाकाच्या टोकाला बसे, सरावाला येई, सामन्याचा निकाल लागून गेल्यावर शेवटच्या मिनिटाला मैदानात उतरे, आणि त्यापायी दुसऱ्या कुणाचे काही जात नसे. कॅन्सस विद्यापीठाचे बिल सेल्फ यांचा मुलगा टायलर असाच वॉक-ऑन होता. अशा मुलांतले कित्येकजण पुढे स्वतः प्रशिक्षक होतात, कारण बाकाच्या टोकाची ती जागा या व्यवसायातली उमेदवारीच असते.

आता ती व्यवस्था उरलेली नाही. खेळाडूंनी महाविद्यालयीन खेळांच्या राष्ट्रीय संघटनेवर (एनसीएए) भरलेल्या दाव्यात न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी ६ जून २०२५ रोजी मंजूर केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठे आपल्या उत्पन्नातून खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, आणि पहिल्या वर्षासाठी ही मर्यादा प्रत्येक विद्यापीठाला सर्व खेळ मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर इतकी आहे. त्याच तडजोडीने, ती स्वीकारणाऱ्या विद्यापीठांसाठी, शिष्यवृत्त्यांवरची मर्यादा काढून संपूर्ण संघाच्या संख्येवर मर्यादा घातली. फुटबॉलसाठी १०५ आणि पुरुषांच्या बास्केटबॉलसाठी १५. बदलाच्या वेळी ज्यांची जागा जाणार होती अशा काही खेळाडूंना सवलत मिळाली, पण यापुढे येणाऱ्यांसाठी आकडा ठरलेला आहे. बाकाच्या टोकाची जी जागा कालपर्यंत कुणाच्याही वाट्यातून कापली जात नव्हती, ती आज पंधरांपैकी एक आहे.

त्या जागेसाठी धडपडणारा मुलगा कसा असतो, हे थोडे सांगायला हवे. त्याच्या शाळेत तो सर्वात चांगला खेळाडू असतो, पण मोठ्या विद्यापीठांचे लक्ष जावे इतका उंच किंवा इतका वेगवान नसतो. त्याला जागा मिळालीच तर ती पुढच्या आठवड्यातल्या प्रतिस्पर्ध्याची नक्कल करण्यासाठी मिळते. त्या संघाच्या चाली तो पाठ करतो, सरावात तीन-चार दिवस त्यांच्या मुख्य गार्डसारखा, म्हणजे चेंडू पुढे नेऊन चाली रचणाऱ्या खेळाडूसारखा, खेळतो, स्वतःच्या संघातल्या नामांकितांकडून धक्के खातो, आणि सामन्याच्या दिवशी गणवेश घालून उभा राहतो. त्याला यातून पैसे मिळतातच असे नाही, पण विद्यापीठाच्या संघात खेळल्याचा अनुभव, पदवी, प्रशिक्षकाची शिफारस आणि पुढे या व्यवसायात शिरण्याची एक चिंचोळी वाट त्याला मिळते. प्रशिक्षकाच्या मुलाने ती जागा घेतली की या मुलाला कुणी नकार कळवतसुद्धा नाही. त्याच्यासाठी चाचणीच होत नाही. आपला हक्क डावलला गेला हे त्याला समजण्याचाही मार्ग नसतो, आणि म्हणून या बाबतीत तक्रार कधीच ऐकू येत नाही.

पैशांची बाजू याहून स्पष्ट आहे. कोणत्या खेळाडूला किती द्यायचे हे बहुतेक ठिकाणी मुख्य प्रशिक्षक आणि त्याच्या मर्जीने नेमलेला व्यवस्थापक मिळून ठरवतात. रक्कम ठरलेली असते, म्हणजे एकाला दिलेला डॉलर दुसऱ्याच्या वाट्यातूनच जातो. अशा वेळी यादीतले एक नाव स्वतःच्या मुलाचे असेल, तर प्रशिक्षकाने त्याला जास्त दिले काय, कमी दिले काय किंवा अगदी चोख न्याय केला काय, तो निर्णय निष्पक्ष होता असे कुणाला पटवून देणे त्याला शक्यच नाही. ‘आपला तो बाब्या’ हा माणसाचा स्वभाव आहे, त्याला अमेरिका अपवाद नाही, आणि कुणाच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका न घेताही एवढे म्हणता येते.

याच विद्यापीठांनी हा प्रश्न दुसऱ्या ठिकाणी केव्हाच सोडवलेला आहे, म्हणून मला अधिक वाईट वाटते. आयोवा विद्यापीठाचे फुटबॉल प्रशिक्षक कर्क फेरेन्ट्स यांचा मुलगा ब्रायन आधी वडिलांच्या संघात खेळला आणि पुढे वडिलांच्याच हाताखाली आक्रमणाचा समन्वयक, म्हणजे संघाचे आक्रमण आखणारा सहायक प्रशिक्षक, झाला. खेळाडू असताना त्याच्यासाठी वेगळा नियम नव्हता. कर्मचारी झाल्यावर मात्र विद्यापीठाच्या नातेवाईकांविषयीच्या नियमानुसार त्याचा वरिष्ठ वडील नव्हे, तर क्रीडा विभागाचा प्रमुख असलेला अॅथलेटिक डायरेक्टर ठरवण्यात आला. ही रचना नुसती कागदावरची आहे, रोजचे काम तर बापलेकच करतात, अशी टीका तेव्हा पुष्कळ झाली आणि ती अगदीच चुकीची नव्हती. तरीही २०२३ च्या ऑक्टोबरात संघाचे आक्रमण अगदी निष्प्रभ ठरल्यावर मोसमानंतर ब्रायन पदावर राहणार नाही, हा निर्णय जाहीर केला तो तेव्हाच्या हंगामी अॅथलेटिक डायरेक्टर बेथ गोएट्झ यांनी. कर्क फेरेन्ट्स त्या वेळी पदावर होते आणि पुढेही राहिले. वडिलांना आपल्या मुलाला काढावे लागले नाही आणि ठेवण्याचा हट्टही धरता आला नाही. पगार घेणाऱ्या मुलासाठी जे करता आले, ते मानधन घेणाऱ्या मुलासाठी का करू नये, याचे उत्तर मला सापडत नाही.

कोलोराडो विद्यापीठाचे फुटबॉल प्रशिक्षक डीऑन सँडर्स यांचे नाव या विषयात टाळता येणार नाही. २०२२ च्या अखेरीस ते तिथे आले तेव्हा आपल्या आधीच्या जॅक्सन स्टेट विद्यापीठातून आपली मुले शेडूर आणि शायलो यांना घेऊन आले, आणि कोलोराडोच्या जुन्या संघातील डझनावारी खेळाडूंनी विद्यापीठ सोडले. शेडूर उत्तम क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाचे नेतृत्व करत चेंडू फेकणारा खेळाडू, होता, याबद्दल वाद नाही. २०२४ मध्ये संघाने ९ सामने जिंकले आणि तो संघाच्या परिषदेतला आक्रमणाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पण एप्रिल २०२५ मध्ये, दोन मोसमांत मिळून १३ विजय आणि १२ पराभव एवढीच संघाची कमाई असताना, विद्यापीठाने त्याच्या गणवेशावरचा २ क्रमांक त्याच्या सन्मानार्थ कायमचा राखून ठेवला. त्यावर माजी खेळाडूंनीही नाराजी व्यक्त केली. हा सन्मान त्याच्या गुणांचा होता की वडिलांच्या वजनाचा, हा प्रश्न आता त्या मुलाला कायमचा चिकटला आहे. त्याला तो प्रश्न चिकटवण्यात वडिलांच्या स्थानाचा जेवढा हात आहे तेवढाच विद्यापीठाच्या घाईचाही आहे.

मुलाच्या बाजूने विचार करणारे लोक मला या वादात फार थोडे दिसतात. इतर खेळाडूंना प्रशिक्षकाचा राग आला तर ते घरी फोन करून आईवडिलांपाशी मन मोकळे करतात. प्रशिक्षकाच्या मुलाला ती सोय नसते. संघातल्या मित्रांनी प्रशिक्षकाविषयी काही बोलायला सुरुवात केली की त्याला पाहून ती चर्चा थांबते. केंटकीला प्रशिक्षक टबी स्मिथ यांचा मुलगा सॉल हा पॉइंट गार्ड होता, आणि संघ अडचणीत आला की प्रेक्षकांचा राग त्याच्यावर निघे. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात प्रशिक्षक स्टीव्ह आल्फर्ड यांचा मुलगा ब्राइस याने विद्यापीठाचा तीन गुणांच्या फटक्यांचा विक्रम करूनही ‘डॅडी बॉल’ हा शिक्का पुसला गेला नाही. ही विशीतली मुले आहेत. त्यांची जागा आणि त्यांचे पैसे दुसऱ्या कुणी तपासून ठरवले, तर ‘हे मी मिळवले’ असे त्यांना छातीठोकपणे सांगता येईल. म्हणून मी ज्या नियमाची मागणी करत आहे, त्याचा सर्वात मोठा फायदा प्रशिक्षकाच्या गुणी मुलालाच होणार आहे.

मुलासाठी बापाला नोकरी देण्याची उलटी रीतही आहे. कॅन्ससने २००५ मध्ये मारियो चाल्मर्स या खेळाडूच्या वडिलांना संघाच्या कामकाजात पद दिले, मिझुरीने २०१७ मध्ये मायकल पोर्टर यांना सहायक प्रशिक्षक नेमले आणि त्यांची दोन मुले तिथे खेळायला आली. त्यापैकी प्रशिक्षकपद सोडून इतर पदांवरच्या अशा नेमणुकांना २०१० मध्ये राष्ट्रीय संघटनेने नियम करून बांध घातला. म्हणजे नातेसंबंधातून येणारा हितसंबंध या संघटनेला ओळखता येतो आणि त्यावर नियमही करता येतो.

माझ्या म्हणण्यावर नेहमी एक आक्षेप येतो, की प्रशिक्षकाची नोकरी विजयावर अवलंबून असते, म्हणून तो नालायक मुलाला खेळवून स्वतःच्या पोटावर पाय देणार नाही. पहिल्या पाच खेळाडूंबाबत हे बऱ्याच अंशी खरे आहे. चौदाव्या आणि पंधराव्या जागेने मात्र सामने जिंकलेही जात नाहीत आणि हरलेही जात नाहीत, त्यामुळे तिथे बाजाराचा हा धाक चालत नाही. आणि चांगल्या मुलाला बाजारभावापेक्षा थोडे अधिक दिले, तर त्याचा परिणाम गुणफलकावर दिसत नाही.

प्रत्यक्ष सामन्यात कोणाला किती मिनिटे खेळवायचे हा अधिकार प्रशिक्षकाकडेच राहील, हे मला मान्य आहे. तीस सेकंदांच्या विश्रांतीत समितीची बैठक घेता येत नाही. पण संघात जागा, शिष्यवृत्ती आणि मानधन हे तीन निर्णय मोसमाआधी, शांतपणे, कागदावर होतात. मुलाच्या बाबतीत ते अॅथलेटिक डायरेक्टरने, प्रशिक्षकाच्या हाताखाली नसलेल्या जाणकाराचे मत लेखी घेऊन करावेत. सहायक प्रशिक्षकांचे मत यासाठी उपयोगाचे नाही, कारण त्यांची नोकरी त्याच वडिलांच्या हाती असते. त्या खेळाच्या त्याच जागेवर खेळणाऱ्या इतर खेळाडूंना, प्रशिक्षकाकडे न जाता, आपले म्हणणे कुणापुढे मांडायचे हे संघात येतानाच सांगितले जावे. सार्वजनिक पैशांवर चालणाऱ्या विद्यापीठांनी निदान एवढे जाहीर करावे की मुलाचा करार कुणी ठरवला आणि त्यावर सही कुणाची आहे.

यासाठी राष्ट्रीय संघटनेच्या नव्या नियमाची किंवा न्यायालयाच्या निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही. नातेवाईक कर्मचाऱ्यांसाठीचे नियम बहुतेक विद्यापीठांच्या दप्तरी आधीपासून आहेत. त्यात ‘कर्मचारी’ या शब्दापुढे ‘आणि विद्यापीठाकडून मानधन किंवा संघात जागा मिळवणारा खेळाडू’ एवढी भर घालायची आहे, आणि पुढच्या मोसमाचे करार होण्यापूर्वी ती कोणत्याही विद्यापीठाला स्वतःच्या अधिकारात घालता येईल.

आपला,
एक वाचक